जबर जड

गेनूआबांना अख्खं खालुंब्रं 'जबरजड' म्हणायचं. नावं ठेवण्यात गावाचा हात कोण धरणार! तरणेपणी आबा सायकलला किटल्या लावून देहूरोडला लष्कराच्या वस्तीत दूध घालायचे. तिथले एक खानसाहेब तापानं फणफणले, तेव्हा या गड्यानं किटल्या तिथंच टाकल्या आणि त्यांना दवाखान्यात पोचवलं. पुढं बदली झाली, तशी खानसाहेबांनी आपल्या अंगठीतला हिरवा खडा काढून आबांच्या हातावर ठेवला. काय म्हणाले? आबांनी घरी येऊन सांगितलं, "जबर जड हाय म्हनले, संभाळ."

हरभऱ्याएवढा खडा, आणि म्हणे जबर जड! गाव पोट धरधरून हसलं. त्यात सोनाराला दाखवला, तर तो म्हणाला, "हा काय पाचू न्हाई." झालं! पाचू नाही म्हणजे काचच, असा निकाल चावडीवर लागूनही गेला. तेव्हापासून आबा दिसले की कुणीतरी हटकायचंच, "काय जबरजड, खडा उचलतोय का पोरं पाठवू?" आबा हसून घ्यायचे. त्यांच्या बायकोला, गवराबाईला, ते हसणं जिव्हारी लागायचं. आपला माणूस भोळा असेल, खुळा नाही, हे तिला पक्कं ठाऊक. पण लोकांच्या तोंडावर मारायला हातात काय होतं? तिनं खडा चिंधीत बांधून कुंकवाच्या डब्यात जपला. कुणी काच म्हणालं, की ती ताडकन उठून जायची.

आता नात संस्कृती हटून बसली. साखरपुड्याच्या अंगठीत आबांचाच खडा हवा! तिचा भाऊ आदिनाथ चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला. त्यानं भिंगातून खडा पाहिला आणि तोंड वाकडं केलं.

"आत काळा ठिपका आहे. मागच्या कडा डबल दिसतात. दोन तुकडे चिकटवलेत बहुतेक. आमच्याकडं असा माल थेट रिजेक्ट."

आबा म्हणाले, "पारख्याला दावा. काच निघाली तर मीच इंद्रायणीत टाकून येतो. मला हसले ते हसले, पोरीला सासरी कुनी हसाया नगं."

आबा बोलले की करणार, हे गवराबाई ओळखून होती.

चिंचवडगावात कुसुमताई खड्यांची पारख करायच्या. चौघं त्यांच्यासमोर जाऊन बसले. ताईंनी मऊ फडक्यानं खडा पुसला, पांढऱ्या कागदावर ठेवला आणि आधी खिडकीच्या उजेडात नेला. मग दिव्याखाली आणला. गवराबाईनं इतक्या वर्षांत तो असा कधी पाहिलाच नव्हता. हरभऱ्याच्या कोवळ्या घाट्यासारखा हिरवा, त्यात चिमूटभर पिवळं, आणि अंगावर तेलाचं बोट फिरवल्यासारखी चमक! दिव्याखालीसुद्धा हिरवेपणा तसूभर कमी झाला नाही.

ताईंनी भिंग डोळ्याला लावलं. "अगं बाई!"

"फुटलाय का वो?" गवराबाईचा आवाज चिरकला.

"फुटायला काय झालंय! तुम्हीच बघा, आजी."

गवराबाईनं एक डोळा मिटून पाहिलं. हिरव्या पाण्यात एक गोल पान तरंगत होतं आणि त्याच्या मधोमध तो काळा ठिपका. "कमळाचं पान हाय की गं हे!" ती पुटपुटली.

"अगदी! काचेत बुडबुडे असतात, असली पानं नसतात," ताई म्हणाल्या.

"पण त्या डबल कडा?" आदिनाथ अडून बसला.

"तीच तर ओळख, राजा. हा खडा उजेडाच्या दोन वाटा करतो, म्हणून मागची एक रेघ दोन दिसते. काचेत एकच दिसली असती. भेगा लपवायला भरलेलं तेल नाही, राळ नाही, रंग दिल्याची खूण नाही. जमिनीतून आला तसा आहे, पैलू तेवढे माणसानं पाडलेत. काय सुरेख रंग आहे हो!"

मग त्यांनी खडा आधी कोरडा तोलला, नंतर पाण्यात सोडून तोलला. "काच नाहीच. पाचूही नाही, सोनार खरं बोलला. त्या मापाच्या पाचूपेक्षा हा जड भरतो. पेरिडॉट म्हणतात याला. बाबा, देणाऱ्यानं नाव नाही सांगितलं?"

आबांनी मान खाली घातली. "नाव न्हाई. नुसतं जबर जड म्हनले व्हते."

ताईंचा हात थबकला. "पुन्हा म्हणा."

"जबर जड."

कुसुमताई खळखळून हसल्या. गवराबाई ताडकन उठली. "तुमीबी हसा! ऱ्हायला व्हतात तुमीच!"

"बसा हो आजी, बसा! अहो, जबरजद! उर्दूत या खड्याला जबरजद म्हणतात. खानसाहेबांनी नावच सांगितलं होतं. बाबांनी जसं ऐकलं तसं घरी आणलं."

आबांनी टोपी काढून डोळ्यांना लावली. "म्हंजे खानसायब खरं बोलले व्हते."

"आन तुमीबी," गवराबाई म्हणाली.

आदिनाथनं आपलं भिंग मुकाट्यानं खिशात घातलं. ताई संस्कृतीला समजावू लागल्या, की हा खडा नाजूक, सहज चरे पडतात, म्हणून भोवती सोन्याचा काठ उंच घ्यायचा, आणि धुणंभांडी करताना अंगठी काढून ठेवायची. संस्कृती प्रत्येक शब्दाला मान डोलवत होती. मग ताईंनी खडा उचलून गवराबाईच्या तळहातावर ठेवला.

आबा जवळ सरकले. उभ्या जन्मात जे दुसऱ्यांनी त्यांना विचारलं, ते त्यांनी पहिल्यांदा स्वतः विचारलं, तेही हळूच. "काय गं, जड हाय का?"

गवराबाईनं मूठ मिटली. तिचे डोळे भरून आले होते, तरी ती हसली.

"जबर."