तेरानंतर चौदा

छापखान्यात मला सगळे काना-मात्रा म्हणतात. मुद्रितशोधकाला दुसरं काय म्हणणार? बावीस वर्षांत माझ्या हाताखालून गेलेल्या पानावर कुणी बोट ठेवलेलं नाही, आणि त्यामागचं गुपित एवढंच की मी अर्थ वाचत नाही. अर्थाच्या मागे लागलं की डोळा पुढे पळतो आणि चुका मागे राहतात. नवीन पोरांना मी हे पहिल्याच दिवशी सांगतो.

त्या दुपारी डबा उघडला आणि ताईचा फोन आला.

"तुझ्या भावजींनी दिवे लावलेत," ती म्हणाली. "पाठ दुखते म्हणून मालिशची खुर्ची घेतली. दुकानातच कर्जाची सोय होती म्हणे. सही माझी घेतली, कारण पगार माझा."

ताई पाळणाघरात नोकरी करते. हप्त्याचा आकडा ऐकून माझा घास हातातच राहिला. निम्मा पगार, चार वर्षं! तेवढ्या पैशांत तसल्या दोन खुर्च्या येऊन वर पाय ठेवायला स्टूलही आलं असतं.

"घरभाडं कशातून देऊ सांग. आणि ती बया अजून खोक्यातच आहे. मांडायला जागा कुठाय?"

तिनं कर्ज देणाऱ्या कंपनीचं नाव सांगितलं आणि मी चक्क हसलो. त्याच कंपनीच्या करारपुस्तिका नव्या आवृत्तीसाठी माझ्या टेबलावर पडल्या होत्या. कंपनीचा धंदा चार देशांत, आणि पोटामागे गेलेली आपली माणसं चारही ठिकाणी. म्हणून चारही पुस्तिका आपल्या भाषेत. परक्या देशांच्या निळी, हिरवी, पिवळी. आपली पांढरी.

"सही कधी केलीस?"

"परवा."

"मग काय! चौदा दिवसांत कारण न देता करार मोडता येतो. हे बघ, निळीत लिहिलंय, कलम चौदा."

"माझी पांढरी आहे. त्यात असलं काही नाही."

"असेल गं. नीट वाच."

"दोनदा वाचलीय."

ताई औषधाच्या बाटलीवरचा बारीक मजकूरही वाचणारी बाई, तिच्याशी वाद नको. मी हिरवी उघडली. व्याज आणि दंड मिळून मुद्दलाच्या निम्म्यावर जाता कामा नये, असं तिथे ठळक अक्षरात. पांढरीत? नाही. पिवळीत तर कर्ज देण्याआधी ग्राहकाचा पगार आणि घरखर्च तपासणं कंपनीवर बंधनकारक, नाहीतर व्याज माफ.

"तुझं घरभाडं विचारलं होतं का कुणी?"

"चहा घेणार का, एवढं विचारलं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तीच कंपनी, तीच खुर्ची, तीच दुखरी पाठ. सख्ख्या तिघांना गाद्या आणि चौथ्याला फरशी! मी तसाच उठून मॅनेजरबाईंकडे गेलो, फोन कानालाच. त्यांनी मानही वर केली नाही. "तिकडे कायदा आहे म्हणून छापावं लागतं. इकडे नाही म्हणून छापत नाहीत. तुम्ही आकडे तपासा."

आकडे म्हटल्यावर मात्र मला एकदम सुचलं. "ताई, निळीतलं चौदावं कलम त्यांनी आपल्यातून गाळलंय. म्हणजे तुझ्या पुस्तिकेत तेरानंतर थेट पंधरा असणार. चौदावं कलम दाखवा म्हणून दुकानात जाऊन बस. चोरी उघड आहे!"

पानं उलटल्याचा आवाज आला.

"नाही रे. तेरा, चौदा, पंधरा. सगळे ओळीनं आहेत. चौदा म्हणजे हप्ता थकला तर त्यांचा माणूस माझ्या कामाच्या जागी येणार. पाळणाघरात रे! लेकरांसमोर!"

मी कपाटातून गेल्या वर्षीची फाइल काढली. पांढऱ्या पुस्तिकेचं पहिलं मुद्रित होतं त्यात. तेरानंतर थेट पंधरा. कंपनीतल्या कुणीतरी घाईत कलम उडवलं होतं आणि भोक तसंच राहिलं होतं. त्यावर माझी लाल शाई: पंधरा खोडून चौदा, सोळा खोडून पंधरा, थेट शेवटपर्यंत. आत नऊ ठिकाणी आलेले कलमांचे उल्लेखही मी बदलले होते. समासात माझ्या वळणदार अक्षरात लिहिलेलं: 'आकडा सुटला होता, दुरुस्त केला.' खाली कंपनीचं शाबासकीचं पत्र टाचलेलं. चौदा कुठे गेलं, एवढं एक वाक्य मी तेव्हा विचारायला हवं होतं. मला ते सुचलंसुद्धा नाही. दोन मिनिटांपूर्वी जगाच्या नावानं बोंब मारत होतो, आता स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

"अरे, आहेस ना?"

"आहे."

"मग निळ्या पुस्तिकेत लिहिलंय म्हणून सांगू का दुकानात?"

"निळी आपली नाही, ताई."

तिनं पुस्तिका पुन्हा चाळली. मग म्हणाली, "निदान त्यात एखादी चूक तरी काढून दे. तुझं कामच आहे ते. एक चूक सापडली तरी मी त्यांच्यासमोर नाचवते."

मी पांढरी पुस्तिका पहिल्या पानापासून उघडली. ताई फोन धरून थांबली होती. डबा गार झाला. शेवटच्या पानावर आलो तेव्हा तिनं पुन्हा विचारलं, "सापडली?"

"नाही सापडणार, ताई," मी म्हणालो. "ती मीच तपासलीय."