सात घरांचा फराळ

तनुजानं फळ्यावरचं उदाहरण पुसलं आणि तेच पुन्हा लिहिलं. अक्षर काही सरळ येईना. मागच्या खुर्चीवर पाहुण्या बाई बसल्या होत्या. शेजारी मुख्याध्यापक रंगनाथ सर, हाताची घडी घालून. चौथीचा वर्ग आज नको इतका शांत होता.

पाहुण्या बाई शेफालीसाठी आल्या होत्या. कर्वेनगरच्या एका शाळेत विशेष हुशार मुलांचा वेगळा वर्ग होता आणि त्यासाठी त्या शाळाशाळांतून मुलं निवडत. वाघोलीच्या या शाळेतून पहिल्यांदाच कुणाचं नाव गेलं होतं. ते तनुजानंच दिलं होतं, जूनमध्ये. तेव्हा गणित फळ्यावर पुरतं उतरायच्या आत शेफाली उत्तर सांगायची. तनुजानं हौसेनं तिला खिडकीजवळचा बाक एकटीला दिला, सहावीची गणितं आणून दिली. मुलं तिला ‘छोट्या मॅडम’ म्हणू लागली आणि डबा खाताना तिच्यापासून लांब बसू लागली.

दिवाळीच्या सुट्टीनंतर एकदा सातच्या पाढ्यात ती चुकली. सगळा वर्ग हसला. सोनू हसता हसताच बाकावर सरकली आणि म्हणाली, “ये, इथं बस.” शेफाली उठून गेली ती तिथलीच झाली. त्यानंतर तिचं सगळंच चुकायला लागलं. चुकायचं तेही अगदी थोडक्यात. उत्तर माहीत असल्याशिवाय इतकं जवळचं चुकता येत नाही, हे तनुजाच्या फार उशिरा लक्षात आलं.

आज सकाळी शेफालीची आई निशा फाटकाशी थांबली होती.

“घरी सगळं येतं तिला, मॅडम. आजच्या दिवस तेवढं बघा. तिच्या शिक्षणासाठीच यवतमाळ सोडून आलो आम्ही.”

तनुजानं मान हलवली होती. आता ती फळ्याकडून वर्गाकडे वळली.

“एका गल्लीत सात घरं,” ती वर्गाला म्हणाली. “प्रत्येक घरातून बाकीच्या प्रत्येक घरी फराळाचं ताट जातं. एकूण ताटं किती? शेजारच्याशी बोलून सांगा.”

वर्गात कुजबुज सुरू झाली. शेफाली पेन्सिलीला टोक करत बसली. पाहुण्या बाई तिच्याकडेच बघत होत्या.

“एकोणपन्नास!” सोनू उभी राहून ओरडली.

रंगनाथ सरांनी नाकातून श्वास सोडला. तनुजा त्या बाकाजवळच उभी होती, म्हणून पुढचं तिला ऐकू आलं. पेन्सिलीवरून नजर न काढता शेफाली पुटपुटली, “स्वतःच्याच घरी ताट पाठवणार का गं?”

सोनूला हसू फुटलं. “अय्या, नाही! मग एका घराची सहाच. बेचाळीस!”

“निम्मी नाही का होणार?” पाहुण्या बाईंनी मागून विचारलं. “देणारे-घेणारे तेच आहेत की.”

सोनूनं जरा विचार केला. “त्यांचं ताट वेगळं, आपलं वेगळं. चकल्या कुठं सारख्या असतात?”

पाहुण्या बाई मनापासून हसल्या.

तास संपल्यावर व्हरांड्यात त्यांनी पेन उघडलं. “दुसरी मुलगी छान बोलली. पण तुमची शेफाली एक शब्द बोलली नाही. जमलं नाही, असं लिहू ना?”

नुसतं ‘हो’ म्हटलं असतं तरी चाललं असतं. तनुजानं त्या पेनाकडे पाहिलं.

“जमतं तिला. जायचं नाही, असं लिहा.”

“वा,” रंगनाथ सर म्हणाले. “आता हे आपण ठरवणार?”

“मी नाही, सर. तिनंच ठरवलंय. मी फक्त सांगतेय.”

शाळा सुटली तेव्हा निशा स्कूटर चालूच ठेवून उभी होती. तनुजानं तिला सगळं सांगितलं. मुलगी मुद्दाम चुकते हेही आणि आपण काय बोललो तेही. निशाचा चेहरा उतरला, मग ताठ झाला.

“तिला काय कळतं, मॅडम? ती नऊ वर्षांची आहे. तुम्हाला तरी कळायला नको?”

उद्यापासून सगळ्या वर्गालाच अशी गणितं घालीन, हे तनुजानं मनात जुळवून ठेवलं होतं. आता तिला तेही फार तोकडं वाटलं.

तेवढ्यात पोरं बाहेर लोटली. शेफाली आणि सोनू पाण्याच्या नळाशी अडल्या होत्या.

“अगं, गल्लीत आठवं घर आलं की ताटं दोन्हीकडून वाढतात,” शेफाली हातवारे करून सांगत होती. “त्यांनी द्यायची आणि त्यांना द्यायची!”

“चौदा?” सोनूनं विचारलं. “थांब, मला करू दे. सांगू नको!”

निशानं हाक मारायला हात वर केला होता. तो तसाच राहिला.

“एवढी बोलते ही?” तिनं विचारलं.

निशानं हात खाली घेतला आणि स्कूटर बंद केली.