सोबतीची बाई

"रेश्मा कुठं गेली गो?" तव्यावरची भाकरी उलटता उलटता देवकीने विचारलं.

पाणी प्यायला आलेल्या दोघी पोरींनी एकमेकींकडे पाहिलं. "पाय मुरगाळला ना तिचा. सर तेल लावून देतायत. हापिसात."

"तुमच्यातली कोन हाय तिच्यासोबत?"

"सर बोलले, कोनी नको. गर्दी होते."

देवकीने भाकरी तव्यावरच सोडली आणि पिठाच्या हातांनीच ती निघाली.

किन्हवलीच्या युवक मंडळाचं कबड्डी शिबिर दर दिवाळीच्या सुट्टीत सिद्धगडाच्या पायथ्याला एका शाळेत भरायचं. पोरं-पोरी मिळून चाळीसेक. दोन हजार साली मंडळाने नियम केला, की सोबत बाई असल्याशिवाय मुलींची गाडी हलणार नाही. केला म्हणजे काय, गावातल्या आयांनी अडून बसून करायला लावला. मंडळ मोठं नियमाचं! बाई पाहिजे ना, घ्या बाई. अंगणवाडीतली मदतनीस देवकी घेतली. आणि बाई आलीच आहे तर वेगळा आचारी कशाला, म्हणून तिला चुलीपुढे बसवलं. पोरी मैदानात, त्यांना कबड्डी शिकवणारे सतीश सर मैदानात, आणि पोरींवर लक्ष ठेवायला आणलेली बाई शाळेमागे धुरात. सगळे खूश. खोटं कशाला बोला, देवकीही खूशच होती. मंडळाचा अध्यक्ष ज्ञानेश्वर तिचं पिठलं खाताना बोटं चाटायचा, आणि एकट्या बाईच्या वाट्याला वर्षभरात तेवढंच कौतुक यायचं.

पण आयांनी पोरी मंडळाच्या भरवशावर सोडल्या नव्हत्या. "देवकी हाय ना, मग जाऊ दे," असं म्हणून सोडल्या होत्या. रेश्माची आई तर जीपपर्यंत आली होती आणि तेरा वर्षांची पोर तुझ्या पदरात घालते म्हणाली होती.

हापिसाचं दार आतून बंद होतं. देवकीने थापा मारल्या. कडी निघायला वेळ लागला. सतीश सरांनी दार उघडलं तेव्हा रेश्मा टेबलावर बसून भिंतीकडे बघत होती. गळ्यातला टॉवेल तिने दोन्ही मुठींत गच्च धरला होता. तेलाच्या नव्या बाटलीचं बूचसुद्धा निघालेलं नव्हतं.

"काय बाई, भाकऱ्या झाल्या?" सर हसले.

"दार कशाला लावलंत?"

"पोरं डोकावतात हो. उपचार चाललाय."

"पोरींना तेल लावायला मी आलेय. रेश्मा, उतर. चल माझ्यासंगती."

टाकीपाशी नेऊन देवकीने तिचं तोंड धुतलं. पोरीने टॉवेलने तोंड पुसलं. मग म्हणाली, "काकी, कोनाला सांगू नका. संध्यानं ज्ञानूदादाला सांगितलेला, तर तिचाच खेळ बंद झाला."

संध्या म्हणजे गेल्या वर्षीपर्यंत एका चढाईत अर्धा संघ बाद करणारी पोरगी. गेल्या दिवाळीनंतर ती मैदानावर फिरकलीच नव्हती. पोरगी मोठी झाली, आईला घरात मदत लागते, असं मंडळाने सांगितलं आणि गावाने ऐकलं. देवकीनेही ऐकलं होतं. आता तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ज्ञानेश्वर चुलीपाशीच उभा होता. "काकी, भाकरी करपली की."

"करपू दे. संध्यानं तुला काय सांगितलेला?"

त्याने आधी आजूबाजूला पाहिलं. "हळू बोल ना. आमी सरांना समज दिलीय. पन ते गेले तर संघ जिल्ह्याला कोन नेणार?"

"समज दिली आणि परत पोरी दिल्या?"

"म्हणून तर तुला ठेवलीय ना पोरींसाठी."

"मला?" देवकीचा आवाज फाटला. "मला तू चुलीला जुंपलीस, मेल्या. तुला ठाऊक होता सगळा, तरी जुंपलीस. पोरींना बाई नको होती तुला, रांधायला पायजे होती."

"बदनामी होईल गावाची."

"होऊ दे. गावाची होईल, पोरींची नाय होणार."

तिने चुलीतली लाकडं ओढली आणि त्यांच्यावर हंडाभर पाणी ओतलं. मग पोरींना पिशव्या भरायला लावल्या. लंगडणाऱ्या रेश्माला दोघींच्या खांद्यावर दिलं आणि सगळ्याजणींना पुढे घालून डांबरी रस्त्यापर्यंत चालत नेलं. ज्ञानेश्वर अर्ध्या वाटेपर्यंत मागे आला, कधी हात जोडत, कधी दटावत. तिने वळून पाहिलं नाही. मुरबाडची एसटी आली तेव्हा देवकी रस्त्यात आडवीच उभी राहिली, आणि तिचं तोंड बघून कंडक्टरने काही विचारलं नाही.

संध्याकाळी तिने एकेक पोर आपल्या हाताने आईच्या ताब्यात दिली आणि प्रत्येक दारात सगळं सांगितलं. रेश्माच्या आईने तिथेच पोलिसांत जायचं ठरवलं. दुसऱ्या घरात मात्र देवकीलाच ऐकावं लागलं, की तिने पोरींचा खेळ बुडवला.

सकाळी ती संध्याच्या खळ्यावर गेली. संध्या सुपाने भात वारवत होती.

"आमी शहापूरला चाललोय, पोलिसांत," देवकी म्हणाली. "तू सांगितलंस तरच तुझा नाव घेईन. नायतर नाय."

संध्याने सूप खाली ठेवलं. "काकी, त्या दिवशी मी आधी तुमच्याकडं आलेली."

"कंदी गो?"

"सरांनी बोलावलं तवा. मी बोलले, काकी, तुमी चला ना माझ्यासंगती. तुमी बोललात, हातातली भाकरी होऊ दे, तू हो पुढं."

देवकीने खूप आठवून पाहिलं. तिला काहीच आठवलं नाही. चाळीस जणांच्या भाकऱ्या थापताना ती दिवसभर कुणाला ना कुणाला असंच काहीतरी म्हणत असायची.

"थांबा, कपडे बदलून येते," संध्या म्हणाली आणि घरात गेली.

देवकी खळ्यात उभी राहिली. तिचे हात रिकामे होते आणि ते कुठे ठेवावेत हे तिला कळत नव्हतं.