अनवाणी हेमचंद्र

मुंबई महाराष्ट्राला मिळावी म्हणून चळवळ पेटली होती आणि गिरगावात तेव्हा भाषणं करणारे पैशाला पासरी झाले होते. त्यात हेमचंद्र नवलकरांना कोण विचारतो? म्हणून एका सभेत त्यांनी व्यासपीठावरच चपला काढून भिरकावल्या आणि गरजले, ‘मुंबई हाती येत नाही, तोवर वहाण पायी नाही!’ टाळ्या थांबेनात. दुसऱ्या दिवसापासून ते ‘अनवाणी हेमचंद्र’ झाले. वाक्य भिंतीभिंतींवर गेलं, सभांची बोलावणी येऊ लागली आणि लालबाग-परळात कितीतरी जणांनी चपला टाकल्या.

आता फोर्टातल्या विमा कचेरीत साहेबापुढे अनवाणी उभं कोण राहू देतो? हेमचंद्रांचे बूट तिथे टेबलाच्या खणात असत. गेल्यावर घालायचे, निघताना काढायचे. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे, खायचे वेगळे. त्यांना त्याचं फारसं काही वाटत नव्हतं.

एका सकाळी लोअर परळहून राधा नावाची बाई दाराशी आली. तिचा नवरा कुशाबा गिरणीत होता. त्याच सभेत त्यानंही चपला टाकल्या होत्या.

“पायात खिळा गेला, त्यात साखरेचा आजार,” ती म्हणाली. “डाक्टर म्हनतात, वहान घातली न्हाई तर पाय कापावा लागंल. पन हे तुमचा शब्द मोडायचा न्हाई म्हनतात. तुमीच सांगा, भाऊसाहेब.”

हेमचंद्रांनी खोलीचा पत्ता विचारून घेतला. त्या दिवशी कचेरीत त्यांना काही सुचलं नाही. संध्याकाळी त्यांनी बूट पिशवीत घातले आणि तडक कुशाबाची खोली गाठली. सुजलेला पाय उशीवर ठेवून कुशाबा बसला होता. त्यांना पाहून तो उठायला लागला.

“चपला घाला, कुशाबा. मी सांगतोय.”

“तुमी घातल्यात व्हय?”

हेमचंद्रांनी पिशवीतून बूट काढले. “हे मी रोज कचेरीत घालतो. पहिल्या दिवसापासून. तुम्हाला मी फसवलंय.” कान तापले होते, तरी त्यांनी तिथेच बूट चढवून नाड्या बांधल्या. कुशाबानं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

कुशाबाचे डोळे भरून आले. “राधे, बघ. माझा पाय वाचावा म्हनून हा देवमानूस सोताला खोटारडा म्हनवून घेतोय.”

“अहो, खरं सांगतोय. टाचा बघा किती झिजल्यात.”

कुशाबानं पाहिलंच नाही. त्यानं हात जोडले. “माझ्यापायी तुमी शपथ मोडलीत, साहेब. आता मला मोडून कसं चालंल? तुमच्या वाटनीची बी मीच पाळतो.”

राधानं मात्र त्या टाचा नीट पाहिल्या, मग हेमचंद्रांच्या तोंडाकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली. एवढी लाज त्यांना जन्मात वाटली नव्हती.

तिनं दार उघडून धरलं. “जावा आता,” ती म्हणाली.