ताऱ्याचं पुढे काय झालं

दर गुरुवारी संध्याकाळी विद्यापीठ आपलं मोठं दार उघडं टाकी आणि गावातल्या कुणीही येऊन शहाणं व्हावं अशी जाहीर मुभा देई. वयाची अट नव्हती, शिक्षणाची नव्हती, शहाणं होऊनच बाहेर पडलं पाहिजे अशीही नव्हती. त्यामुळे गर्दी बरी जमे. सभागृह गार होतं, खुर्च्यांना गाद्या होत्या आणि मध्यंतरात चहा मिळे. ज्ञानाच्या वाटेवर एवढ्या सोयी सहसा नसतात.

अप्पांनी नाव नोंदवलं तेव्हा सलून लेकीच्या हाती सोपवून त्यांना वर्षही झालं नव्हतं.

"अप्पा, तुम्ही आणि विद्यापीठ?" लेक म्हणाली. तिच्या हातात कात्री होती आणि खुर्चीत गिऱ्हाईक. "शाळेच्या खिडकीतून उड्या मारून पळायचात म्हणे. आजी सांगायची."

"तेव्हा सक्ती होती."

"विषय तरी काय?"

"एका ताऱ्याचं आयुष्य. जन्मापासून मरणापर्यंत."

"कुठला हो? तो मारामारीच्या सिनेमातला?" खुर्चीतल्या गिऱ्हाइकाने मान वळवून विचारलं. लेकीने त्याची मान धरून सरळ केली.

अप्पांची अडचण लेकीला सांगून कळण्यासारखी नव्हती. अख्खी हयात त्यांनी लोकांचे केस कापले आणि लोकांच्या गोष्टी ऐकल्या. पण गोष्टीची लांबी ठरायची केसांवर. भावाभावांचा खटला उभा राहायचा, निकाल लागायच्या आत मानेवरची पावडर झटकली जायची आणि गिऱ्हाईक उठायचं. महिन्याने तेच गिऱ्हाईक यायचं ते नवीनच काहीतरी घेऊन. एकाची बायको माहेरी निघून गेली होती, ती परत आली की नाही हे अप्पांना आजतागायत कळलेलं नव्हतं. टकलू गिऱ्हाइकांच्या तर नुसत्या प्रस्तावनाच त्यांच्या वाट्याला आल्या. डोक्यात अशा अर्ध्या गोष्टींचा ढीग साचला होता. मरायच्या आत एक तरी गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायची, एवढंच त्यांनी मनाशी धरलं होतं. ज्या गोष्टीत जन्मही आहे आणि मरणही आहे, ती अर्ध्यावर सुटणार कशी?

पहिल्या गुरुवारी ते मागच्या रांगेत बसले आणि दोन तास पंखा ऐकून घरी आले.

कान काही वर्षांपासून हात आखडता घेत होते. केस वाळवायच्या यंत्राशेजारी जन्म गेला, त्याचा हा प्रसाद. डॉक्टरांनी कानात घालायला एक मशीन दिलं होतं, ते मोठं कामसू होतं. माणसाचा आवाज वाढवी, त्याच्या दुप्पट पंख्याचा वाढवी आणि शेजारी कुणी वेफर्सची पुडी फोडली तर घर कोसळल्यासारखं वाटे. "समोरच्याचं तोंड दिसलं की तुमचं भागेल," असं डॉक्टर म्हणाले होते, आणि ते खरंच होतं. तोंड दिसलं की अप्पांना सगळं कळे.

प्राध्यापकांचं तोंडच दिसत नव्हतं. ते सगळं व्याख्यान फळ्याला देत. फळ्यावर एक गोल काढत, गोलाशी प्रेमाने बोलत, गोल पुसत आणि दुसरा काढत. श्रोत्यांना त्यांची पाठ तेवढी ओळखीची झाली होती.

दुसऱ्या गुरुवारी अप्पा सरळ पहिल्या रांगेत जाऊन बसले. तिथे हेडबाई त्यांच्यावर चालून आल्या. बाई शाळेतून निवृत्त झाल्या होत्या, पण शाळा त्यांच्यातून झाली नव्हती. व्याख्यानांची सगळी व्यवस्था त्यांच्याकडे होती.

"ही रांग निमंत्रितांची आहे."

"कधी येतात ते?"

"येत नाहीत. पण आले तर?"

"आले की उठतो. तोवर गादी गरम राहील त्यांची."

हेडबाईंनी निमंत्रितांच्या आशेने दाराकडे बघितलं. दारातून एक विमा एजंट जांभई देत आत आला. हेडबाई गेल्या.

जवळ बसूनही पाठ ती पाठच. मध्यंतरात अप्पांनी प्राध्यापकांना चहाच्या टेबलाशी गाठलं.

"सर, जरा तोंड आमच्याकडे करून बोलाल का? ऐकायला कमी येतं मला."

"हो हो, अवश्य," प्राध्यापक म्हणाले आणि कपात बघून हळूच पुढे बोलले, "काय आहे, सवय लागलीये. समोर बघितलं की कुणीतरी झोपलेलं असतं. फळा जांभया देत नाही."

मध्यंतरानंतर ते दोन वाक्यं लोकांकडे तोंड करून बोलले. तिसऱ्या वाक्याला विमा एजंट घोरला, आणि प्राध्यापक पुन्हा माहेरी गेले.

तिसऱ्या गुरुवारी मात्र अप्पांच्या हातून चूक झाली. अशी चूक सलूनवाल्याच्याच हातून होऊ शकते.

वस्तरा चालवताना गिऱ्हाइकाला डुलकी लागणं वाईट. मान एकदम खाली येते, आणि मग जे व्हायचं ते होतं. म्हणून मान जरा कलली की कारागिराने म्हणायचं, "मग?" गिऱ्हाईक दचकून पुढे बोलू लागतं, मान ताठ होते, वस्तरा सुखरूप राहतो. अप्पांच्या धंद्यात या शब्दाची किंमत तुरटीपेक्षा जास्त होती. तो त्यांच्या डोक्यातून येतच नसे, थेट हातातून येई.

त्या दिवशी प्राध्यापकांनी वायूचा एक भलामोठा ढग काढला, काहीतरी पुटपुटले, आणि खडू शोधायला त्यांनी मान खाली घातली.

"मग?" अप्पा म्हणाले.

कमी ऐकू येणाऱ्या माणसाला आपला आवाज केवढा हे कळत नाही. सभागृह दणाणलं. विमा एजंट जागा होऊन "हप्ता!" म्हणाला. प्राध्यापक गर्रकन वळले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. इतक्या वर्षांत पुढे काय झालं हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

"मग," ते अप्पांकडे बघत म्हणाले, "तो ढग स्वतःच्याच वजनाने आत आत खचायला लागला."

"अगं बाई," मागून कुणीतरी म्हणालं.

"मग?"

"मग पोटात उष्णता वाढली. वाढली, वाढली, आणि एक दिवस पेट घेतला! जन्मला तारा."

अप्पांना शब्दन् शब्द कळला. त्या दिवसापासून रीतच पडली. प्राध्यापक फळ्याकडे वळू लागले की अप्पांचा "मग?" सुटे आणि प्राध्यापक परत फिरत. तारा धडधडून जळू लागला. लोक जागे राहू लागले, आणि तिथेच माशी शिंकली. कारण जे लोक वर्षानुवर्षं गुरुवारी निवांत झोपायला येत होते, त्यांची मोठीच गैरसोय झाली. तक्रारी हेडबाईंकडे गेल्या.

हेडबाईंनी अप्पांना कोपऱ्यात घेतलं. जे काम अप्पांनी जन्मभर पाणी आणि साबण घेऊन केलं, ते हेडबाईंनी बिनपाण्याने केलं.

"प्रश्न शेवटी विचारायचे असतात. नियम आहे."

"हा प्रश्न नाही हो बाई."

"मग काय आहे?"

"बघा, तुम्हीही म्हणालात."

हे बोलायला नको होतं. हेडबाई ताडताड निघून गेल्या आणि दुसऱ्याच दिवशी सलूनमध्ये जाऊन लेकीच्या खुर्चीत बसल्या. दर महिन्याला त्या तिथेच केस कापून घेत. केस कापून होईपर्यंत लेकीला अप्पांचा सगळा पराक्रम कळला.

रात्री जेवताना लेक म्हणाली, "आता एकच व्याख्यान उरलंय ना? बाई म्हणाल्या, तोंडातून चकार शब्द निघाला तर बाहेर काढीन. पुढच्या सत्रात नावही घेणार नाही."

"गप्प बसलो तर ते फळ्याशी बोलतात. मला काय कळणार?"

"आणि बाहेर काढलं तर काय कळणार?"

अप्पांनी घास चावून चावून खाल्ला. "तारा म्हातारा झालाय गं. तांबडा होऊन फुगलाय. आता मरणार. एवढा सोबत आलो आणि शेवटाला मी दाराबाहेर?"

"म्हणून सांगते. मूग गिळून बसा. चित्रं तरी दिसतील."

"चित्रं गोलाचीच असतात."

"अप्पा."

"बरं, बसतो. पण उठणार मात्र नाही. शेवट बघूनच येईन."

शेवटच्या गुरुवारी अप्पा तोंडात पेपरमिंटची मोठी गोळी घालून पहिल्या रांगेत बसले. हेडबाई त्यांच्या शेजारच्याच खुर्चीत येऊन बसल्या. निमंत्रितांच्या रांगेत आता दोघं झाली.

प्राध्यापकांनी सुरुवात लोकांकडे बघून केली. ताऱ्याने अंगावरचे पापुद्रे भिरकावून दिले, मधे उरला तो लहानसा, पांढरा, तापलेला गाभा. त्याला म्हणतात श्वेतबटू. इथवर अप्पांना सगळं मिळालं. मग प्राध्यापक तो बटू काढायला वळले, आणि पाठ आली.

अप्पांनी गोळी गालात दाबली. पाठ हलत होती, म्हणजे तारा मरत होता. अप्पा खुर्चीच्या कडेवर आले. दोन्ही हात मांड्यांखाली घालून ते त्यांच्यावर बसले. "मग" हातातून येतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

पाठ थांबली. प्राध्यापकांनी मान खाली घातली. वाट पाहिली. काहीच आलं नाही. ते सावकाश वळले आणि अप्पांकडे पाहू लागले.

अप्पांनी ओठ मिटून मान हलवली.

"बरं वाटत नाहीये का?" प्राध्यापकांनी विचारलं.

अप्पांनी डोळ्यांनी हेडबाईंकडे बोट दाखवलं. डोळ्यांनी बोट दाखवणं कठीण असतं, पण हात मांड्यांखाली होते.

प्राध्यापकांनी खडू खाली ठेवला. पाठीमागे सभागृहात चुळबुळ झाली. विमा एजंट जागा होता, हे त्या सत्रातलं सर्वांत मोठं नवल. घड्याळ चाललं होतं. व्याख्यान वेळेत संपलं नाही तर शिपाई दिवे घालवी, आणि आपल्या कारकिर्दीत एक व्याख्यान अर्धवट राहिलं हे हेडबाईंना कधीही सहन होण्यासारखं नव्हतं. त्यांनी एकदा शिपायाकडे बघितलं, एकदा प्राध्यापकांकडे. अप्पांकडे मात्र बघितलं नाही.

"मग?" हेडबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजाला उभ्या शाळेची तालीम होती. "मग पुढे काय झालं त्याचं? सांगा की!"

"मग," प्राध्यापक हसून म्हणाले, "तो निवत गेला."

"मग?"

"निवत गेला, निवत गेला. आता जाळायला काही नाही, नुसती उरलेली ऊब. एक दिवस ती सगळी जाईल आणि तो काळा, थंड होऊन पडेल. तो खरा शेवट."

अप्पांनी गोळी गिळली. हात मोकळे केले. "असा थंड पडलेला बघितलाय कुणी?"

हेडबाईंनी त्यांना अडवलं नाही. प्रश्न शेवटीच विचारला होता.

"नाही," प्राध्यापक म्हणाले. "अजून कुठलाच निवालेला नाही पुरता. तेवढा वेळच झालेला नाही. हे सगळं विश्व अजून त्या मानाने लहान आहे."

टाळ्या झाल्या. अप्पांनी वाजवल्या नाहीत. ते जागच्या जागी बसून राहिले. सगळं सत्र त्यांनी एका म्हाताऱ्याच्या उशाशी काढलं होतं, पंख्याशी झगडा केला, निमंत्रितांशी वैर पत्करलं, आणि सरतेशेवटी हे! इथेही निकाल अजून लागायचाच होता. प्राध्यापक खाली उतरून त्यांच्यासमोर उभे राहिले. नीट समोर, तोंड दिसेल असे.

"तुम्हाला आवडलेलं दिसत नाही."

"आवडलं हो. पण अर्धंच झालं की."

"मलाही अर्धंच माहीत आहे," प्राध्यापक म्हणाले. "मीही तिथेच अडलोय."

आजवर अप्पांच्या खुर्चीतून उठून गेलेल्या प्रत्येकाला पुढचं माहीत असायचं, फक्त ते सांगत नसत. पुढचं ठाऊक नसूनही इतका जीव लावून सांगणारा त्यांना हा पहिलाच भेटत होता. याच्यावर रागवायचं तरी कसं? त्यांनी उठून प्राध्यापकांचा हात हातात घेऊन दाबला आणि ते तडक दाराजवळच्या टेबलाकडे गेले.

हेडबाई पुढच्या सत्राची नावं घेत होत्या. रांगेत अप्पा पहिले.

"विषय काय आहे?"

"मुंग्या."

"मुंग्या शेवटी मरतात ना?"

"मला काय विचारता? मी काय मुंगी आहे?"

"मरतातच. मी स्वतः बघितल्यात. घ्या नाव. आणि जागा पहिल्या रांगेत."

"ती निमंत्रितांची आहे," हेडबाई लिहिता लिहिता म्हणाल्या. "आले की उठायचं. आणि एक लक्षात ठेवा, मधेच 'मग' म्हणायचं नाही."

"छे छे," अप्पा म्हणाले. "ते आता तुम्ही म्हणा."