अकरा सेकंद उघडे झाकण

सकाळी नऊ वाजून बावीस मिनिटांनी संस्थेच्या संचालकांनी डिशचे झाकण उचलले. ते अकरा सेकंद त्यांच्या हातात होते. तेवढ्यात दोन फोटो निघाले. पहिल्यात त्यांचे डोळे मिटलेले आले, म्हणून दुसरा.

डिशमध्ये चौदा दिवस वाढवलेल्या पेशींचा एक थर होता, कांद्याच्या पापुद्र्याइतका पातळ. तो एका क्रेनचालकाचा होता आणि त्याच दुपारी त्याच्या डाव्या डोळ्यावर लावायचा होता. आठ महिन्यांपूर्वी कारखान्यात कॉस्टिक सोड्याचे पिंप फुटले आणि उडालेला फवारा त्या डोळ्यात गेला. बुबुळाच्या कडेला काही मूळ पेशी असतात. बुबुळावरचे पारदर्शक आवरण आयुष्यभर नव्याने घडवत राहण्याचे काम त्यांचे. त्या जळाल्या आणि डोळ्यावर पांढरट पडदा चढला. एका डोळ्याने नीट अंतर कळत नाही, आणि अंतर न कळणाऱ्याला कोणी क्रेनवर बसवत नाही.

उपाय ऐकायला सोपा आहे. चांगल्या डोळ्याच्या कडेचा तांदळाच्या कणीएवढा तुकडा काढायचा, प्रयोगशाळेत वाढवायचा आणि जळलेल्या डोळ्यावर लावायचा. क्रेनचालकाचा पहिला तुकडा वाढलाच नाही. दुसरा वाढला. तिसरा काढला तर चांगला डोळाही जाऊ शकतो, म्हणून आपण तो काढणार नाही, असे सर्जनने लेखी दिले होते. त्यामुळे डिशमध्ये जे होते तेवढेच होते.

संस्था सोळा वर्षांची आहे. या काळात तिने उंदरांच्या डोळ्यांवर एकेचाळीस शोधनिबंध प्रसिद्ध केले. उंदरांच्या बाबतीत तिचे यश निर्विवाद आहे. माणूस हा पहिलाच. संचालकांच्या हातात पिपेट शेवटची कधी होती हे प्रयोगशाळेत कोणाला आठवत नाही. कर्मचारी आपसात त्यांना फीतकापे म्हणतात, आडनावासारखे, आणि पुढे 'साहेब' लावायला विसरत नाहीत.

त्या दिवशी परदेशी परिषदेचे सहा पाहुणे आले होते. पेशी जिथे वाढतात त्या स्वच्छ खोलीत जायचे तर अंगभर झगा, दोन हातमोजे, टोपी, मास्क, असा वीस मिनिटांचा जामानिमा करावा लागतो. पाहुण्यांना तेवढा वेळ नव्हता. म्हणून साहेबांनी डिशच बाहेर, पाहणी कक्षात मागवली. पेशी वाढवणाऱ्या तंत्रज्ञ बाईंनी ती झाकणासकट आणली. झाकण बंद राहील, दोन मिनिटांत परत नेऊ, असा त्यांचा हिशेब. या दोन आठवड्यांत त्या दोन्ही रविवारी कामावर आल्या होत्या, कारण पेशींना सुट्टी कळत नाही. चूक त्यांचीही झाली. बाहेर डिश नेण्याची परवानगी देणारा कुठलाही नियम नाही; साहेबांना नाही म्हणण्याचाही नाही.

"सर, झाकणावर वाफ धरलीय," फोटोग्राफर म्हणाला. "आतलं काही दिसत नाही."

"मग बाजूला करू."

"साहेब, ते इथं नाही..." तंत्रज्ञ बाई म्हणाल्या.

"दोनच सेकंद गं."

संचालकांच्या तोंडावर मास्क नव्हता. पाहुण्यांपैकी एक खोकले. मग सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कशासाठी, ते नंतर कोणाला सांगता आले नाही.

तंत्रज्ञ बाईंनी डिश परत नेली आणि वहीत पेनने लिहिले: ९.२२, झाकण उघडले, पाहणी कक्ष, ११ सेकंद. या वहीत पेन्सिल चालत नाही आणि पानांना आकडे असतात. वही घेऊन त्या गुणवत्ता अधिकारी बाईंकडे गेल्या. प्रयोगशाळेतून रुग्णाकडे जाणाऱ्या प्रत्येक गोष्टीवर या बाईंची सही लागते. प्रत्येक डब्यात डोकावतात म्हणून त्यांचे टोपणनाव सासूबाई. दहा वाजता त्यांनी संचालकांना बोलावणे पाठवले. साडेदहाला ते आले.

"हे पान काढता येणार नाही का?" त्यांनी उभ्याउभ्याच विचारले.

"त्र्याऐंशीनंतर पंच्याऐंशी आलं तर कोणीही विचारेल, साहेब."

"मग पुढे लिहा, स्वच्छ खोलीतल्या कपाटात उघडलं म्हणून."

"फोटो पावणेदहालाच संस्थेच्या वेबसाइटवर चढलाय. त्यात तुमच्यामागे कॉफीचं मशीन आहे."

संचालकांनी फोन काढून फोटो पाहिला. फोटो चांगला आला होता.

"अकरा सेकंदांनी काय होतंय?"

"कदाचित काहीच नाही."

"मग झालं तर."

"पोट फाडल्यावर सर्जन अकरा सेकंद थांबून पाहुण्यांना आतडी दाखवतो का? जंतू पडला की नाही हे मला तपासणीत चौदा दिवसांनी कळेल. थर आज संध्याकाळी सहापर्यंतच जगतो."

संचालक बसले. थोडा विचार करून त्यांनी जो मार्ग काढला तो नोंदवून ठेवण्यासारखा आहे. थर फेकून द्यावा, ते म्हणाले. रुग्णाला 'तांत्रिक कारण' सांगावे. संशोधनात अपयश येतेच, त्यात लाज कसली. फोटो मात्र राहू द्यावा, कारण पाहुण्यांनी तो पुढे पाठवला आहे.

"त्याचा तिसरा तुकडा निघणार नाही, साहेब."

"ते दुर्दैव आहे."

"नियमात एक कलम आहे. सगळं सांगून सर्जन आणि रुग्ण दोघांनी लेखी मान्य केलं, तर मला थर सोडता येतो."

"त्याला घाबरवायचं कशाला? त्यातलं काय कळतं त्याला?"

"उंदरांना विचारावं लागत नव्हतं," सासूबाई म्हणाल्या. "याला विचारावं लागेल."

रुग्णालय रस्त्यापलीकडे आहे. सव्वाअकराला सासूबाई तिथे पोहोचल्या तेव्हा क्रेनचालक पलंगावर मांडी घालून बसला होता आणि त्याची वहिनी त्याला वर्तमानपत्र वाचून दाखवत होती. थोरला भाऊ कारखान्यात पाळीवर होता. सर्जनही आले. सासूबाईंनी काय झाले ते चार वाक्यांत सांगितले.

"झाकण उघडलं कशाला?" वहिनीने विचारले.

"फोटो काढायला."

"भाऊजींच्या पेशींचा?"

"साहेबांचा. पेशी हातात होत्या."

वहिनीने वर्तमानपत्राची घडी घातली. "आमच्या घरी दूध उघडं राहिलं की मांजराला दटावतात. तुमच्याकडे मांजरच खुर्चीवर बसवलंय म्हणायचं."



"जंतू गेला असेल तर?" क्रेनचालकाने सर्जनला विचारले.

"औषधं आधीपासूनच सुरू करू. तरी चिघळला, तर डोळा काढावा लागू शकतो. आणि नाही लावला, तर आहे तसा राहील."

"आहे तसा म्हणजे घासलेली काच. उजेड कळतो, माणूस कळत नाही."

"शक्यता किती, ते मला खरंच सांगता येणार नाही," सर्जन म्हणाले. "बहुतेक काही होणार नाही, असं मला वाटतं. पण वाटतं, एवढंच."

"क्रेनवर चढताना तरी कोण लिहून देतं? दोर बघायचा आणि चढायचं."

"दोर तुम्ही स्वतः बघता, भाऊजी," वहिनी म्हणाली. "हा दोर यांच्या साहेबांनी बघितलाय, कॅमेऱ्यातून."

तो हसला. मग भिंतीकडे पाहू लागला. उजवा डोळा त्याने तळव्याने झाकला होता.

"दादाला विचारू या का?"

"तुमच्या दादांना कोथिंबीर आणायला सांगितली तर दुकानातून तीन फोन येतात. डोळा तुमचा आहे. आणि उद्या काही झालं तर हा निर्णय दादांच्या डोक्यावर नको."

"तू काय केलं असतंस, वहिनी?"

"मी आधी त्या माणसाला इथं आणून उभं केलं असतं."

"तेवढं करा," क्रेनचालक सासूबाईंना म्हणाला. "सही देतो. पण त्यांनी येऊन मला सांगावं, काय केलं ते. मला भांडायचं नाही. ऐकायचंय फक्त."

सासूबाईंनी तिथूनच फोन लावला. संचालक पाहुण्यांबरोबर जेवायला निघाले होते. येतो, असे ते म्हणाले. दुपारी सव्वा वाजता संस्थेचा प्रसिद्धी अधिकारी आला. त्याच्या हातात फुलांचा गुच्छ होता आणि गुच्छाला संचालकांच्या सहीचे शुभेच्छापत्र टाचलेले होते. फुलांतून जंतू येतात म्हणून वॉर्डात फुले चालत नाहीत. नर्सने गुच्छ दाराबाहेर जमिनीवर ठेवला.

"साहेब?" वहिनीने विचारले.

"साहेबांच्या भावना तुमच्याबरोबर आहेत."

"भावना रस्ता ओलांडून आल्या आणि साहेब राहिले होय."

प्रसिद्धी अधिकाऱ्याने शस्त्रक्रियेआधीचा एक फोटो मिळेल का, असे विचारले. वहिनी उठून उभी राहिली. तो गेला.

दोन वाजेपर्यंत वाट पाहिली. मग क्रेनचालकाने कागद मागितला. "थर सहापर्यंत जगतो म्हणालात ना? साहेबांच्या जेवणाचं काही खरं नाही." फोनवर नुसते 'येतो' म्हणालेला माणूस येणार नाही, हे त्याला बाकीच्यांच्या आधी कळले होते, असे वहिनी नंतर म्हणाली. दोन वाजून पाच मिनिटांनी त्याने सही केली, त्याखाली सर्जनने, त्याखाली सासूबाईंनी. तंत्रज्ञ बाई डिश स्वतः घेऊन आल्या. डबा दोन्ही हातांनी धरलेला, सिग्नल लागेपर्यंत रस्त्याच्या कडेला उभ्या. तीन दहाला शस्त्रक्रिया सुरू झाली आणि चार पाचला संपली. थर नीट बसला, अशी नोंद आहे.

दुसऱ्या दिवशी संस्थेने पत्रक काढले. 'उंदरापासून माणसापर्यंत' असे त्याचे शीर्षक होते. त्यात संचालकांचे नाव सात वेळा आहे. सर्जनचे एकदा. तंत्रज्ञ बाईंचा उल्लेख 'आमचा चमू' या शब्दांत आहे. क्रेनचालक त्यात 'एक भाग्यवान रुग्ण' आहे. झाकणाबद्दल काही नाही. फोटोत ते दिसते.

नियमाप्रमाणे ज्याने झाकण उघडले त्याला कारण लिहून द्यावे लागते. संचालकांनी लिहिले, 'प्रात्यक्षिकादरम्यान अपरिहार्य.' सासूबाईंनी कागद परत पाठवला: अपरिहार्य काय होते, प्रात्यक्षिक की फोटो? चार दिवस झाले, उत्तर आलेले नाही. या दरम्यान तंत्रज्ञ बाईंना, डिश विनापरवानगी बाहेर नेल्याबद्दल, लेखी समज मिळाली आहे. त्या पत्रावर सही संचालकांची आहे.

ज्या द्रवात थर वाढला त्याचा नमुना तपासणीच्या बाटल्यांत आहे. सहाव्या दिवसापर्यंत बाटल्या स्वच्छ आहेत. चौदावा अजून लांब आहे. क्रेनचालकाच्या डोळ्यावरची पट्टी रोज बदलतात. पाचव्या दिवसापर्यंत डोळा शांत होता. काल, सहाव्या दिवशी सकाळी, बुबुळाच्या खालच्या कडेला लाली दिसली. जखम भरताना अशी लाली येते आणि जंतू लागला तरी अशीच येते. सर्जनने नोंदीत फक्त 'लाली' एवढेच लिहिले, औषधाचे थेंब दर तासाला केले आणि पुढची तपासणी आज संध्याकाळी पाच वाजता ठेवली.