वाढलेला टक्का

आमच्या आकडेवारी खात्यात साहेबांनी सगळ्यांसाठी चहा मागवला. आमचे साहेब सुखासुखी चहा पाजणाऱ्यांतले नव्हेत. पण देशात आलेली परकी गुंतवणूक यंदा एकूण उत्पन्नाच्या दोन टक्क्यांवरून सहा टक्क्यांवर गेली होती, आणि हा टक्का मी काढला होता. जो तो माझं कौतुक करत होता, जसं काही पैसे मीच पिशवीतून आणले होते.

मूठभर देश आमचा. उत्पन्नच एवढंसं, की एक मोठा सौदा झाला तरी टक्का टुणकन उडी मारतो. यंदाचा सौदा काचेच्या बाटल्यांच्या कारखान्याचा. परदेशी कंपनीनं तो विकत घेतला, पैसा जुन्या मालकाच्या खिशात गेला, कारखान्यात नवा खिळासुद्धा आला नाही. तरी नियमानं ती गुंतवणूकच! आणि कोणाचा पैसा कुठे गेला हे बाहेर बोललं, तर आमची नोकरी जाते.

त्याच कारखान्यात माझा दादा भट्टीवर मुकादम आहे. दुसऱ्या गावच्या कारखान्यानं त्याला टोळीसकट बोलावलं होतं आणि उत्तर आजच द्यायचं होतं. दिवसभर माझं कशात लक्ष लागेना. बोलावं तरी पंचाईत, गप्प बसावं तरी पंचाईत. ऑफिस सुटताच मी त्याचं घर गाठलं.

"या, अर्थमंत्रीणबाई!" वहिनी दारातच म्हणाली. टक्क्याची बातमी दुपारी रेडिओवर झाली होती.

मी बसलेसुद्धा नाही. आडूनच विचारलं, "दादा, भट्टीच्या आतल्या विटा बदलायला झाल्यात ना रे?"

"झाल्यात की. यंदा नाही बदलल्या तर भट्टी गेलीच."

"मग मागवल्या?"

"नवे साहेब 'बघू' म्हणालेत."

"मागवल्यावर यायला किती वेळ लागतो?"

"सहा-सात महिने सहज." हातातला कप त्यानं खाली ठेवला. "म्हणजे... भट्टी विझवणार आहेत?"

मी मान खाली घातली. मला त्याच्याकडे बघवेना.

"त्या लोकांना फोन कर," मी म्हणाले. "आत्ताच्या आत्ता हो म्हणून सांग."

"दुपारीच नाही म्हटलं गं," दादा म्हणाला. "सगळ्यांच्या वतीनं. काहीजण कां कू करत होते. मीच म्हटलं, अरे, कारखान्यात परदेशी पैसा येतोय, आकडा माझ्या बहिणीनं काढलाय, ती कधी चुकायची नाही."

"मग आता पाया पडा त्यांच्या!" वहिनी कडाडली.

दादानं फोन केला. पलीकडचा माणूस भला होता, पण जागा तासाभरापूर्वीच भरल्या होत्या. दादानं चपला घातल्या. त्याला एकट्याला पाठवणं माझ्या जिवावर आलं, म्हणून मीही निघाले.

पाळी कधीच सुटली होती. तरी टोळी अजून कारखान्याच्या फाटकाबाहेर उभी होती. मला बघताच सगळ्यांत वयस्कर कामगार पुढे आला.

"ताई, सहा टक्के खरंच ना?"

"खरे आहेत," मी म्हणाले.

कोणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवल्या. दादा जमिनीकडे बघत होता. त्याला तोंड उघडावं लागू नये म्हणून मी टाळ्या थांबायचीही वाट पाहिली नाही.

"पण त्यातला एक पैसाही तुमच्या भट्टीसाठी नाही," मी ओरडून म्हणाले, आणि तरीही मागच्या रांगेतले दोघं-तिघं टाळ्या वाजवतच राहिले.